गोगलगायीचे गोत्र आणि एका जनुकाची साक्ष

पहिले दोन-तीन पाऊस झाले की आगाशीच्या कोणत्याही वाडीत जाऊन केळीचे पडलेले सोपट उलटून पाहावे. खाली गोगलगायी हमखास सापडतात. काही शंखवाल्या, तर काही शंख नसलेल्या, सपाट आणि काळपट. विद्यार्थ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : यांतली आपली कोणती आणि परकी कोणती? याचे उत्तर शोधताना आम्ही अलीकडचे जनुकीय संशोधन चाळले. त्यातील काही पटले, काही पटले नाही.

मोठ्या आफ्रिकी शंखीची कथा त्यातल्या त्यात सरळ आहे. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने 1847 मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथील एका बागेतून ती पसरली. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने कोवळे सोयाबीन फस्त केले, आणि शासनाला नुकसानभरपाई द्यावी लागली.

फोंटानिला व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जगातल्या 39 ठिकाणच्या 560 शंखींचा एक जनुकखंड ताडून पाहिला. त्याचे 18 प्रकार निघाले. पण आफ्रिकेबाहेर बहुतेक ठिकाणी 'सी' हा एकच प्रकार आढळला. म्हणजे जगभर पसरलेली ही फौज थोड्याच पूर्वजांची संतती असावी. येथे शिक्षक थबकतील. आनुवंशिक विविधता कमी असेल तर जात दुबळी होते, असे आपण वर्गात सांगतो. मग ही शंखी इतकी दणकट कशी? आमच्या मते पाठ्यपुस्तकातले वाक्य खोडण्याची घाई नको. तपासलेला खंड तंतुकणिकेतला आहे आणि तंतुकणिका फक्त आईकडून येतात. (या प्राण्यांत प्रत्येक जण आईही असतो आणि बापही, येथे आई म्हणजे अंडी घालणारा जीव.) गावात सर्वांचे आडनाव एक असले म्हणून सर्वांचे चेहरे सारखे नसतात. या शंखीच्या गुणसूत्रांच्या 31 जोड्यांवर काय दडले आहे, ते एका खंडावरून कळत नाही. तिचा संपूर्ण जनुकसंच 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे 185 कोटी अक्षरांचा आहे. पण तोही मुख्यतः एका जीवाचा नकाशा. विविधता मोजायला अनेक जीवांचे नकाशे लागतात.

शंख नसलेल्या गोगलगायींविषयीचा युरोपातला वाद आम्हांला अधिक बोधक वाटला. तेथे भाजीपाल्याचा फडशा पाडणारी एक तांबूस गोगलगाय 'स्पॅनिश' म्हणून बदनाम आहे. फेनिंगर व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये स्पेनपासून मध्य युरोपापर्यंत नमुने गोळा करून डीएनए तपासला. स्पेनमध्ये ती त्यांना मिळालीच नाही. उलट मध्य युरोपात इतरत्र न आढळणारे प्रकार मिळाले. म्हणून ती परकी नाहीच, तिथलीच आहे, असा त्यांचा दावा. न सापडणे हा कच्चा पुरावा असतो. न पाहिलेल्या दरीत ती असूही शकेल. लेखकांनी केवळ त्यावर भिस्त ठेवली नाही हे खरे, तरीही शीर्षकातच 'गैरसमजातून ठरवलेले आक्रमण' असे ठामपणे म्हणणे आम्हांला जरा उतावळेपणाचे वाटते. शिवाय देशी ठरल्याने कोणाचा कोबी वाचला नाही. परकी आणि उपद्रवी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वर्तमानपत्रे ते सर्रास एक करतात.

प्रथिनांच्या बाबतीत तर बातम्यांची फारच चंगळ. आफ्रिकी शंखीच्या बुळबुळीत स्रावात जपानी संशोधकांना 'अकासिन' हे जंतुनाशक प्रथिन मिळाले. ते अमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि जंतू मरतात. यंत्रणा सुरेख आहे. पण त्यावरून तो स्राव जखमेला लावण्याचे औषध ठरत नाही. दुसरी बातमी 2017 ची. हार्वर्डच्या संशोधकांनी ओल्या ऊतींवरही घट्ट बसणारा चिकट पदार्थ बनवला आणि 'गोगलगायीचा डिंक' म्हणून तो गाजला. प्रत्यक्षात त्यात गोगलगायीचे प्रथिन नव्हते. स्रावाची रचना पाहून सुचलेली युक्ती अल्जिनेट, कायटोसान अशा पदार्थांतून साधली होती. कल्पना उसनी घेणे आणि पदार्थ उसना घेणे यांतला फरक सांगायला हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

या सगळ्यातून वाडीवाल्याच्या हाती अजून तरी गोणपाट, चिमटा आणि मिठाचे पाणीच आहे. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण त्या कुत्र्यांना घातक आहेत. उघड्यावर किंवा बावखलाच्या काठी टाकू नयेत. दिसेल ती गोगलगाय मारणेही बरे नव्हे, कारण आपल्याकडे देशी जातीही आहेत आणि त्यांतल्या कित्येक पिकांच्या वाटेलाही जात नाहीत.

मुलांना नमुने गोळा करायला पाठवणार असाल तर उघड्या हाताने उचलू देऊ नका. शंखवाल्या व बिनशंखी दोन्हींत मेंदूला इजा करणारा एक सूक्ष्म कृमी असू शकतो. हातमोजे किंवा चिमटा वापरावा, नंतर हात साबणाने धुवावेत. दर रविवारी एकाच केळीखालचे सोपट उलटून कोणत्या किती दिसल्या आणि आठवड्यात पाऊस किती झाला, एवढे वहीत लिहिले तरी पुरे.