अक्षरफलकांचे स्मरणरंजन आणि देवनागरीची जागा

जुन्या संगणकीय संदेशफलकांविषयीच्या, म्हणजेच ‘बीबीएस’विषयीच्या, स्मरणरंजनाचा विस्तृत आविष्कार म्हणून जेसन स्कॉट यांच्या ‘बीबीएस : द डॉक्युमेंटरी’ (२००५) या आठ भागांच्या माहितीपटमालिकेकडे पाहता येते. वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी सूस यांनी १९७८ मध्ये शिकागो येथे पहिला फलक सुरू केला. मोडेमने दूरध्वनी लावावा, पडद्यावर केवळ अक्षरे उमटावीत, एकाने लाइन सोडल्यावर दुसऱ्यास प्रवेश मिळावा. या संथपणातच आत्मीयता होती, असा या स्मरणरंजनाचा सूर असतो. तो खोटा नाही. तथापि त्या आत्मीयतेचा पाया स्वस्त स्थानिक दूरध्वनी हा होता. नव्वदच्या दशकात मुंबईत ‘लाइव्ह वायर’सारखा फलक चाले, धरणगावहून तो गाठायचा तर एसटीडीचा दर मोजणे आले.

लिपीचा प्रश्न याहून मूलगामी आहे. आस्की संचातील १२८ जागांत ‘क’ला एकही जागा नव्हती. परिणामी मराठी मजकूर रोमन लिपीत जाई आणि ‘वेळ’ व ‘वेल’ यांतील भेद मोठ्या ‘एल’वर सोपवावा लागे. (बालकवींच्या जन्मगावी हे अधिकच खटकावे.) स्कॉट यांनी अक्षरचित्रकलेस ‘आर्टसीन’ हा स्वतंत्र भाग दिला आहे. त्या चित्रांतील रेघा व चौकटी संगणकाच्या वरच्या १२८ जागांतून येत. १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणकाने देवनागरीची सोय केली, ती याच वरच्या जागांत. ‘जिस्ट’ कार्ड नसलेल्या यंत्रावर मराठी वाक्याच्या ठिकाणी रेघा आणि चौकटीच उमटत.