‘दक्षता’ कशी लिहावी? – एका माहितीपानाचे परीक्षण

परीक्षणासाठी साधारणपणे पुस्तक निवडतात. यावेळी निवडलेला मजकूर जेमतेम काही पानांचा आहे. त्याला मुखपृष्ठ नाही, किंमत नाही आणि तो इंग्रजीत आहे. फ्रीबीएसडी नावाच्या, कोणालाही मोफत घेता येणाऱ्या संगणकप्रणालीबरोबर ‘एएचसी’ या ड्रायव्हरचे एक माहितीपान मिळते. डिस्क जोडण्याची अडॅप्टेक कंपनीची कार्डे या प्रणालीत कशी चालवावीत, हे ते सांगते.

शिक्षकांच्या मासिकात याचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण सूचना लिहिणे हे आपले रोजचेच काम आहे. प्रयोगाची कृती, उपकरण हाताळण्याची पद्धत, प्रयोगवहीतली ‘दक्षता’, हे सगळे लेखन याच जातीचे असते. वाचणारा आपल्यासमोर नसताना, त्याच्या हातून चूक होऊ नये म्हणून ते लिहायचे असते. अशा लेखनाचे चांगले आणि उणे असे दोन्ही नमुने या एकाच पानावर सापडतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्कझी नावाच्या पद्धतीत डिस्क, टेप, सीडी अशी अनेक उपकरणे एकाच सामाईक केबलवर जोडली जात. या पद्धतीचे पहिले अमेरिकन मानक १९८६ साली ठरले. आठ बिटांच्या केबलवर आठ क्रमांक असत, सोळा बिटांच्या केबलवर सोळा. त्यांतला एक क्रमांक, बहुधा ७, संगणकात बसवलेल्या कार्डाचा असे. या कार्डाला होस्ट अडॅप्टर म्हणतात. केबलवर कोणी केव्हा बोलायचे, किती वेगाने बोलायचे, हे कार्ड आणि समोरचे उपकरण यांच्यात ठरते. संगणकप्रणालीच्या वतीने कार्डाशी व्यवहार करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

सुरुवातीच्या कार्डांची मांडणी डोळ्यांना दिसे. अडॅप्टेकच्या १५४२ मालिकेतल्या जुन्या कार्डावर छोट्या पिना असत आणि त्यांवर टोप्या चढवून किंवा काढून कार्डाचा पत्ता ठरवावा लागे. हा पत्ता सहसा षोडशमान पद्धतीतला ३३० असे. ध्वनिकार्डावरचा संगीतवाद्यांचा जोड बहुधा हाच पत्ता वापरी. दोन्ही कार्डे एका संगणकात आली की घर एक आणि मालक दोन अशी गत होई. पिनांनी ठरवलेले आकडे आणि प्रणालीने धरलेले आकडे जुळले नाहीत तर डिस्क सापडतच नसे.

‘एएचसी’ ड्रायव्हर याच्या पुढच्या पिढीतल्या कार्डांसाठी आहे. तो जस्टिन गिब्ज यांनी लिहिला आणि १९९४ साली फ्रीबीएसडीच्या २.० आवृत्तीत आला. या कार्डांचा पत्ता ड्रायव्हर स्वतः शोधतो. पण म्हणून मांडणी संपली असे नाही, ती फक्त दिसेनाशी झाली. काही गोष्टी कार्डावरच्या छोट्या स्मृतीत साठवलेल्या असतात. संगणक सुरू होताना एक मेनू उघडून त्या बदलता येतात. काही गोष्टी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तो तयार करतानाच घालाव्या लागतात. उरलेल्या गोष्टी ड्रायव्हर आणि उपकरण आपसात ठरवतात. एखादी गोष्ट बदलायची तर ती या तिघांपैकी कोणाच्या हातात आहे, हाच वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो.

या प्रश्नाला पान चांगले उत्तर देते. वेगाची कमाल मर्यादा, सोळा बिटी व्यवहार, काम चालू असताना केबल मोकळी सोडण्याची मुभा, कार्डाचा स्वतःचा क्रमांक या गोष्टी मेनूत जशा ठरवल्या असतील तशाच ड्रायव्हर पाळतो, असे ते एका वाक्यात सांगते. हे वाक्य वाचणाऱ्याचा बराच वेळ वाचवते. एरवी तो कर्नलच्या फाइलीत वेगाची मर्यादा शोधत बसला असता.

पण या पानाचा खरा मोठेपणा शेवटी, ‘दोष’ या मथळ्याखाली आहे. तिथली एक नोंद मी माझ्या शब्दांत सांगतो. क्वांटम कंपनीच्या काही डिस्क, निदान एम्पायर २१०० आणि १०८०, या एआयसी-७८७० चिपच्या ‘बी’ आवृत्तीबरोबर १० मेगाहर्ट्‌झच्या समकालिक वेगाने चालत नाहीत. असा दोष असलेल्या कार्डांवर ४२ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक बसवलेला असतो. त्यामुळे ती १० पेक्षा किंचित जास्त वेगाने चालतात, डिस्क गोंधळते आणि सगळी केबल ठप्प होते. मेनूत वेगाची मर्यादा ८ मेगाहर्ट्‌झ ठेवली की काम सुरळीत चालते.

एवढ्याशा मजकुरात किती गोष्टी आल्या आहेत, ते पाहा. कोणती डिस्क आणि कोणती चिप, हे नावानिशी सांगितले आहे. ‘निदान’ या शब्दाने यादी अपुरी असू शकते, हे कबूल केले आहे. आपले कार्ड दोषी आहे की नाही, हे उघड्या डोळ्यांनी ओळखण्याची खूण दिली आहे: स्फटिकावरचा आकडा वाचा. कारण सांगितले आहे, लक्षण सांगितले आहे आणि उपायही सांगितला आहे. तो उपाय तिघांपैकी कोणाच्या हातात आहे, तेही सांगितले आहे.

आता आपली प्रयोगवही उघडू या. ‘उपकरणे काळजीपूर्वक हाताळावीत.’ ‘जोडण्या घट्ट असाव्यात.’ ‘निरीक्षणे अचूक घ्यावीत.’ वर्षानुवर्षे ही वाक्ये फळ्यावरून वहीत आणि वहीतून परीक्षेत जात आली आहेत. ती खोटी नाहीत, पण त्यांचा उपयोग काय? जोडणी सैल राहिली तर नेमके काय दिसेल? अमीटरचा काटा थरथरेल, की शून्यावर बसेल, की पाठ्यांक थोडा कमी येईल आणि विद्यार्थ्याला कळणारही नाही? ही तिसरी शक्यता सर्वांत धोक्याची, आणि तीच आपल्या ‘दक्षते’त नसते. मग प्रयोग फसला की दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो: ‘काळजी घेतली नाहीस.’ उलट, वर सांगितलेली नोंद वाचलेला माणूस डिस्क ठप्प झाल्यावर स्वतःला दोष देत बसत नाही. तो कार्डावरचा स्फटिक पाहतो.

मात्र या नोंदीतही एक जागा रिकामी राहिली आहे. ४२ चा स्फटिक आणि १० चा वेग यांचा संबंध काय, हे पान सांगत नाही. वर्गात हा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ४० ला चाराने भागले की १० येतात आणि ४२ ला भागले की साडेदहा, म्हणजे पाच टक्के जास्त. दहाच्या वेगात एका ठोक्याला १०० नॅनोसेकंद मिळतात, साडेदहाच्या वेगात साधारण ९५. जी डिस्क शंभरावर जेमतेम तग धरते, तिला हे पाच नॅनोसेकंद महागात पडू शकतात. मर्यादा ८ वर आणली की पाच टक्के वाढ धरूनही वेग ८.४ होतो, म्हणजे दहाच्या बराच खाली. एवढी एक ओळ असती, तर उपाय नुसता पाठ करण्याऐवजी समजला असता.

दुसरा नमुना उदाहरणांचा आहे. ही कार्डे एरवी डिस्कला हुकूम देतात, पण त्यांना उलट्या भूमिकेत, म्हणजे दुसऱ्याचे हुकूम घेणाऱ्या उपकरणाच्या भूमिकेतही ठेवता येते. हे कोणकोणत्या कार्डांसाठी करायचे, ते कर्नल तयार करताना एकाच संख्येने सांगायचे असते. पान दोन उदाहरणे देते. षोडशमान २५ दिले तर ०, २ आणि ५ क्रमांकांची कार्डे, आणि ८ए दिले तर १, ३ आणि ७ क्रमांकांची. व्याख्या नाही, उकल नाही. पण उदाहरणे नीट निवडलेली आहेत. षोडशमान २५ म्हणजे आपले ३७, म्हणजे ३२ अधिक ४ अधिक १. द्विमान पद्धतीत लिहिले तर १००१०१. उजवीकडून शून्यापासून मोजले की एकाचे अंक ०, २ आणि ५ या जागांवर येतात. ८ए म्हणजे १३८, म्हणजे १२८ अधिक ८ अधिक २. इथे एकाचे अंक १, ३ आणि ७ या जागांवर आहेत. उदाहरण एकच असते तर २५ मधले ‘२’ आणि ‘५’ सरळ वाचायचे आणि शून्य कुठून तरी आले, असा गैरसमज होऊ शकला असता. दुसरे उदाहरण तो गैरसमज लगेच मोडून काढते. एका उदाहरणातून शिकणाऱ्याने भलताच नियम काढला, तर तो खोडून काढणारे दुसरे उदाहरण जवळ असावे, हे आपणही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता उणिवा. कार्डाशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एकात कार्डाच्या नोंदी स्मृतीचाच भाग असल्यासारख्या वाचता-लिहिता येतात. दुसऱ्यात त्यासाठी वेगळ्या आज्ञा वापराव्या लागतात. पहिला मार्ग अधिक कार्यक्षम आहे, पण काही संगणकांत तो घेतला की यंत्र जागच्या जागी गोठते. पान हे लक्षण सांगते, हे चांगलेच. पण पुढे ते म्हणते की बहुतेक आधुनिक मदरबोर्डांवर हा मार्ग नीट चालतो. ‘आधुनिक’ म्हणजे कोणत्या सालानंतरचे? लिहिणाऱ्याला ते स्वच्छ ठाऊक असणार. दहा वर्षांनी वाचणाऱ्याच्या हाती मात्र जुना संगणक आणि हा शब्द, एवढेच उरते. ज्या पानाने स्फटिकावरचा आकडा सांगितला, त्याने इथे एक साल सांगायला हवे होते. ‘हल्ली’, ‘नवीन’, ‘आधुनिक’ हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांतही असेच नकळत शिळे होतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. काही संगणकांत मांडणी कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत नसते, ती संगणकाने आपल्यापाशी ठेवलेली असते. अशा वेळी कार्डाचा बायोस चालू असला तरच ड्रायव्हरला ती वाचता येते, असे पान बजावते. पण तो बंद असेल तर? ड्रायव्हर कोणते आकडे गृहीत धरतो, आणि पडद्यावर काही इशारा देतो का? याचे उत्तर तिथल्या तिथे मिळत नाही. वेगाची मर्यादा मुद्दाम ८ वर ठेवणाऱ्या माणसासाठी हाच प्रश्न जीवघेणा आहे. त्याला वाटते मर्यादा लागू आहे, आणि प्रत्यक्षात ती वाचलीच गेलेली नसेल. त्या डिस्कवर एखाद्या कार्यालयाचे वर्षभराचे हिशेब असू शकतात.

यावर कोणी म्हणेल की हे संदर्भासाठी लिहिलेले पान आहे, पाठ्यपुस्तक नव्हे, आणि थोडक्यात असणे हाच त्याचा गुण आहे. हे मान्य आहे. केबल म्हणजे काय, तिची टोके कशी बंद करावीत, हे शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. पण माझा आक्षेप लांबीबद्दल नाहीच. ‘आधुनिक’ ऐवजी एक साल, आणि बायोस बंद असल्यास काय घडते याचे एक वाक्य, एवढीच ही मागणी आहे. त्याच पानाच्या शेवटच्या नोंदीने घालून दिलेली कसोटी बाकीच्या पानाला लावली, इतकेच.

आज ही कार्डे आणि त्या रुंद केबली बाजारातून गेल्या आहेत. त्यांची जागा साटा, सास आणि एनव्हीएमई या पद्धतींनी घेतली. ती एम्पायर डिस्क आज कोणाच्या हाती पडण्याची शक्यता फार थोडी. तरीही हे पान वाचावे, कारण यंत्र जुने झाले तरी सूचना लिहिण्याची अडचण जुनी होत नाही.

येत्या सत्रात एक करून पाहता येईल. प्रयोगवहीतली एकच ‘दक्षता’ घ्या आणि मुलांकडून ती पुन्हा लिहून घ्या. कोणते उपकरण, कोणत्या परिस्थितीत, चुकले तर काय दिसेल, का दिसेल आणि मग काय करायचे? त्यासाठी मुलांना एखादी जोडणी मुद्दाम सैल करून काटा पाहावा लागेल. बॅटरीवरच्या साध्या मंडलात तो पाहायला हरकत नाही.