‘लिनिए आइन्स’ : एका डब्यातील अंतर

१९६१ साली भिंतीने बर्लिन दुभंगले, तेव्हा पश्चिमेकडील भुयारी रेल्वेचा मार्ग क्रमांक १ श्लेझिशेस टोर स्थानकाशी, सीमेच्या अलीकडेच, खुंटला. ‘ग्रिप्स’ या बाल-युवा नाट्यसंस्थेचे १९८६ चे संगीत नाटक ‘लिनिए आइन्स’ याच मार्गावर घडते. फोल्कर लुडविग यांची निनावी नायिका एका गायकाच्या शोधात पश्चिम जर्मनीतून येते. तिला भेटतात बेकार, व्यसनी, एकाकी उतारू.

भिंतीवर नाटकाचा भर नाही, हेच आम्हांस विशेष वाटते. गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्यांतील अंतर लेखकाला अधिक बोचते. मोजकेच नट वेष पालटून सारे उतारू होतात. ज्याची आता कीव आली, तोच पुढल्या स्थानकावर दुसऱ्यावर खेकसतो. प्रेक्षकाची सहानुभूती अशी सतत जागा बदलीत राहते. (मोहन आगाशे यांनी पुण्यात रुजविलेल्या ग्रिप्स-नाट्यातही प्रौढ नटच मुले होत, हे वाचकांस स्मरत असेल.)

नाझींच्या विधवा मात्र पुरुष नटांनी रंगविल्या आहेत. गाणे गाजले ते त्यांचेच; पण तेथे उरतो केवळ उपहास. त्यांपैकी एकीला क्षणभर एकटी बसविली असती, तर तरुण प्रेक्षकांचे काम अवघड झाले असते. आम्हांस ते तसे हवे होते.