कलावंताचे यश आणि समीक्षेचा संकोच

कलावंताच्या यशाविषयी दोन परस्परविरोधी धारणा आपल्या वाङ्मयीन विचारात दीर्घकाळ नांदत आल्या आहेत. यश हे प्रतिभेच्या पाठोपाठ आपोआप चालत येते, ही एक. आणि लौकिक यश हे कलेशी केलेल्या तडजोडीचेच लक्षण होय, ही दुसरी. कलावंताची कारकीर्द प्रत्यक्षात कशी उभी राहते, हा प्रश्न दोन्ही धारणांना टाळता येतो. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या संदर्भात मात्र तो टाळणे कठीण जाते.

रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ (१९८४) या कादंबरीने मराठी वाचकाच्या मनातील या चित्रकाराची प्रतिमा दृढ केली. चरित्रात्मक कादंबरीला कलावंताचे भावजीवन आणि त्याचा सौंदर्यध्यास अधिक जवळचा असतो. कामे कशी मिळाली, मोबदला कसा ठरला, चित्रे कोणापर्यंत पोचली, हे व्यवहाराचे अंग अशा रचनेत साहजिकच मागे राहते. परंतु रविवर्मांच्या बाबतीत ते अंग गौण मानता येत नाही. त्यांच्या चित्रांचे रूपही काही अंशी त्यातूनच घडले आहे.

किळिमानूरच्या राजघराण्याशी संबंधित कुटुंबात जन्मलेले रविवर्मा १८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्रावणकोरच्या आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या आश्रयाला तिरुवनंतपुरमला आले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला, तेव्हा तैलरंगाचे तंत्र त्यांनी मुख्यतः त्याचे काम पाहून आत्मसात केले. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. दरबाराच्या मर्जीवर अवलंबून नसलेली अशी प्रतिष्ठा भारतीय चित्रकाराला तोवर क्वचितच लाभली होती. तिचे मोल लवकरच प्रत्ययास आले. १८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ निवर्तले आणि नव्या महाराजांशी रविवर्मांचे सूर जुळले नाहीत. एकाच आश्रयदात्यावर विसंबलेल्या कलावंताची कारकीर्द तेथेच खुंटली असती. रविवर्मांना बडोद्याचे बोलावणे आले. त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव त्या वेळी बडोद्याचे दिवाण होते. तंजावर-मराठी घराण्यातील या प्रशासकाच्या परिचयामुळे केरळातील चित्रकाराला गायकवाडांच्या मराठी दरबाराचे दार उघडले गेले.

पुढे सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम पन्नास हजार रुपयांना दिले. या कामाच्या निमित्ताने रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांनी उत्तर भारताचा प्रवास केला. पुराणांतील स्त्रीपुरुषांना सर्व प्रांतांतील प्रेक्षकांना आपला वाटेल असा कोणता पोशाख द्यावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी मुख्यतः साडीत शोधले. ही निवड सौंदर्यदृष्टीची होती, तशीच ती अनेक प्रांतांतील आश्रयदात्यांसमोर उभे राहणाऱ्या व्यावसायिकाचीही होती. रविवर्मांच्या दमयंती वा शकुंतलेकडे पाहताना या दोन प्रेरणा वेगळ्या करता येत नाहीत. त्या वेगळ्या करण्याचा आग्रह धरल्यास चित्राचेच आकलन उणे राहते.

कारकिर्दीचा सर्वांत धाडसी आणि सर्वांत वादग्रस्त टप्पा मुद्रणाचा आहे. निवडक चित्रांच्या रंगीत प्रती युरोपात छापून घ्याव्यात, म्हणजे कीर्ती वाढेल आणि देशाचीही सेवा होईल, अशी सूचना माधवरावांनी पूर्वीच केली होती. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. ओलिओग्राफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिळाछाप चित्रांतून लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या देवघरात पोचल्या. राजवाड्यातील चित्र दुर्लभ असलेल्या माणसाच्या भिंतीवर त्याची प्रत आली. व्यवसाय म्हणून मात्र हा उद्योग रविवर्मांना झेपला नाही. मुंबईतील प्लेगच्या काळानंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. कीर्तीचा विस्तार आणि आर्थिक यश एकाच मार्गाने जात नाहीत, हे या प्रकरणातून दिसते. पुढे याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दिला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या अपयशाचा हिशेब केवळ रुपयांत मांडता येत नाही.

राजराजवर्मांची इंग्रजी दैनंदिनी २००५ साली संपादित स्वरूपात प्रसिद्ध झाली आणि या कारकिर्दीची दुसरी बाजू अभ्यासकांपुढे आली. स्वतः चित्रकार असलेला हा भाऊ प्रवास, पत्रव्यवहार, ग्राहकांशी बोलणी आणि चित्रांतील निसर्गदृश्ये यांचा भार वाहत होता. एकाकी प्रतिभावंताची प्रतिमा या दैनंदिनीपुढे टिकत नाही. १९०५ च्या आरंभी राजराजवर्मा वारले आणि पुढच्याच वर्षी रविवर्माही गेले. एका नावावर नोंदल्या गेलेल्या यशात दुसऱ्याचे श्रम किती आहेत, हा प्रश्न चरित्रकारांनी पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

स्वदेशीच्या काळात आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी रविवर्मांवर कठोर टीका केली. या चित्रांत नाटकीपणा आहे आणि भारतीय कल्पनाशक्तीचा अभाव आहे, हा त्या टीकेचा आशय होता. नाटकीपणाचा आक्षेप आजही सर्वस्वी फेटाळता येणार नाही. परंतु या टीकेच्या प्रभावाने पुढे जी सरसकट उपेक्षा झाली, तिच्यात मूळ तैलचित्र आणि त्याची छापील प्रत यांतील अंतर पुसले गेले. श्लायशरच्या काळात निघालेल्या सुमार प्रतींचा दोषही मूळ चित्रकाराच्या माथी बसला. १९९३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनात मूळ चित्रे एकत्र पाहता आली, तेव्हा पुनर्विचाराला खरी चालना मिळाली.

कलावंताच्या यशाकडे संशयाने पाहणे समीक्षेला सोपे जाते, कारण त्यामुळे कलाकृतीपाशी थांबण्याचे श्रम वाचतात. यशाचे गौरवीकरणही तितकेच सोपे असते. रविवर्मांच्या बाबतीत या दोहोंपलीकडे जायचे, तर पदके, प्रवास, करार, छापखाना आणि भावाचे श्रम यांचा विचार चित्रांच्या विचाराशी जोडून करावा लागेल. साडी नेसलेली शकुंतला का यशस्वी झाली, याचे उत्तर मिळाल्यावरही ती चांगले चित्र आहे की नाही, हा प्रश्न उरतोच; आणि त्याचे उत्तर त्या चित्रापुढे उभे राहूनच द्यावे लागते.