पुलावरचे प्रश्न

आज एका निबंधाबद्दल बोलायचं आहे. ईव्ह टक आणि के. वेन यांग यांचा, २०१२ सालचा. त्यांचं म्हणणं असं की निर्वसाहतीकरण हा शब्द रूपक म्हणून वापरू नका. त्याचा अर्थ जमीन परत करणं. अभ्यासक्रम बदलला, सभेच्या सुरुवातीला ‘ही भूमी अमक्यांची’ असं म्हटलं, की सेटलर, म्हणजे बाहेरून येऊन दुसऱ्याच्या भूमीवर कायमचा बसलेला माणूस, मनातून हलका होतो. जमीन जिथल्या तिथे!

हे मला पटतं. पण प्रत्यक्ष प्रसंगी निबंध फार लवकर हात वर करतो.

प्रसंग घ्या. ब्रिटिश कोलंबियातल्या वेत्सुवेतेन लोकांच्या भूमीतून कोस्टल गॅसलिंकची सुमारे ६७० किलोमीटरची वायुवाहिनी जाणार होती. वंशपरंपरागत प्रमुखांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये पोलीस आत घुसले, आणि देशभर रेल्वे अडली. टायेंडिनागाचे मोहॉक लोक रुळांजवळ बसले. त्यांच्या मागोमाग इतर नागरिकही उतरले, व्हँकुव्हरचं बंदर अडवलं गेलं.

पण मार्गावरच्या सर्व २० निवडून आलेल्या बँड कौन्सिलांनी कंपनीशी करार केले होते. म्हणजे ‘आम्ही मूलनिवासींचं ऐकतो’ म्हणणाऱ्याने कुणाचं ऐकायचं? पुष्कळ समर्थक झटकन म्हणाले, या कौन्सिली १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टने लादलेल्या, त्या खऱ्या नव्हेत. माझा आक्षेप इथे आहे. ज्यांना घरं, पाणी, रोजगार यांचा रोज हिशेब लावावा लागतो, त्यांना ‘तुम्ही अस्सल नाही’ असं टोरांटोच्या विद्यार्थ्याने सांगायचं? ही तर सेटलरचीच जुनी खोड झाली.

त्यापेक्षा प्रश्न अधिकारक्षेत्राचा धरा. कौन्सिलींचा कारभार मुळात राखीव वस्त्यांपुरता. बाहेरच्या सुमारे २२,००० चौरस किलोमीटरवर दावा प्रमुखांचा, आणि डेलगामूक खटल्यात गिटक्सन प्रमुखांबरोबर वादी म्हणून उभे होते तेही हेच. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मौखिक परंपरेला पुरावा म्हणून वजन द्या म्हटलं, पण हक्काचा निवाडा केला नाही. नव्याने खटला चालवा म्हणाले. तो कधी चाललाच नाही. म्हणून समर्थकाला अस्सलपणाचा न्यायाधीश व्हायची गरज नाही. ‘निवाडा बाकी असताना खोदू नका’ एवढं तो आपल्याच सरकारला सांगू शकतो, कारण ते सरकार त्याचं आहे.

उनिस्तोतेन कुळाच्या छावणीत जायला नदीवरचा पूल ओलांडावा लागे. तिथे थांबवून विचारत: तू कोण, कुठून आलास, किती दिवस राहणार, ही जमीन नासवणाऱ्या कंपनीत किंवा सरकारात काम करतोस का, तुझ्या येण्याने आमच्या लोकांचा फायदा काय? निबंधापेक्षा हे प्रश्न मला पक्के वाटतात. त्यांत पाहुण्याची अपराधी भावना कुणी विचारत नाही. त्याला काम विचारतात, आणि ‘नको’ म्हणायचा हक्क हातात ठेवतात.

आता आपल्या कॅनडातल्या मराठी श्रोत्यांसाठी. तुम्ही म्हणाल, आम्ही स्वतःच दीडशे वर्षं इंग्रजांखाली होतो, आम्ही कसले सेटलर? इतिहास खरा आहे. पण तुमच्या ब्रॅम्प्टनच्या घराचा हक्क ज्या राजसत्तेच्या कायद्याने टिकतो, तीच पलीकडच्या पक्षाला कोर्टात उत्तर देते आहे. वायुवाहिनी २०२३ मध्ये टाकून पूर्ण झाली. पुलावरचा शेवटचा प्रश्न मात्र तुम्हालाही लागू आहे. तेवढं एकदा उत्तर लिहून पाहा. प्रश्नोत्तरांत त्यावर बोलू.