नाबोथाचा मळा आणि जागतिक हेक्टर

मॅथिस वाकरनागेल व विल्यम रीस यांचे ‘अवर इकॉलॉजिकल फुटप्रिंट’ हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले आणि ‘पर्यावरणीय पदचिन्ह’ ही कल्पना सर्वत्र पोहोचली. माणसाला लागणारे धान्य, लाकूड व मासळी निर्माण करण्यास, त्याच्या घरा-रस्त्यांस आणि त्याने सोडलेला कार्बन शोषून घेण्यास किती सुपीक भूमी व जलक्षेत्र लागते, याचा हा हिशेब आहे. निरनिराळ्या प्रतींच्या जमिनी एका मापात आणण्यासाठी पुढे ‘जागतिक हेक्टर’ हे एकक रूढ झाले.

या हिशेबाचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्यावर बागेची मशागत व राखण अशी दोन कामे सोपविलेली आहेत. मशागतीचा उत्साह आपण पुष्कळ दाखविला. राखणीचा जाब या शास्त्राने विचारला. पृथ्वी वर्षभरात जेवढे पुन्हा निर्माण करू शकते, त्याच्या सुमारे पावणेदोन पट आज मानवजात वापरते. आणि सरासरी अमेरिकन नागरिकाचे पदचिन्ह भारतीयाच्या पाच पटींहून मोठे आहे. या आकड्यांपुढे धर्मोपदेशकानेही अंतर्मुख व्हावे.

तथापि आमचा आक्षेप या एककाविषयीच आहे. जागतिक हेक्टर जमिनीची उत्पादकता मोजतो. ती कोणाची, हे विचारीत नाही. अहाब राजाने नाबोथापुढे असाच हिशेब मांडला होता (१ राजे २१): द्राक्षमळ्याच्या बदल्यात त्याहून चांगला मळा, अथवा रोख मोल. उत्पादकतेच्या दृष्टीने यात नाबोथाचा लाभच होता. परंतु तो मळा वाडवडिलांचे वतन होता, आणि वतनाला बदली नसते. त्या नकारापायी नाबोथाचे प्राण गेले.

गोव्यातील लोहखनिजाचे उदाहरण घ्यावे. या शतकाच्या पहिल्या दशकातील तेजीत डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत टनभर खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन दगडमाती उपसली जाई. पावसात ती वाहून भातशेतांत गाळ साचे. खनिज मात्र मुख्यतः चीनला जाई. या पद्धतीत वस्तूचा भार अखेरच्या उपभोक्त्याच्या खात्यावर पडतो, हे न्याय्यच आहे. पण गाळाखाली गेलेले शेत देशाच्या सरासरीतील नगण्य घट ठरते, आणि बिघडलेल्या विहिरीसाठी तर या खातेवहीत रकानाच नाही. २०१२ साली ते खाणकाम थांबले, ते बेकायदेशीर उत्खननाच्या चौकशीनंतर, शासनाच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. पदचिन्हाच्या आकड्याने नव्हे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ‘पर्यावरणीय ऋणा’चा विचार मांडला. आमच्या मते ही कल्पना अधिक सखोल आहे. पदचिन्ह म्हटले की केवळ चालणारा डोळ्यांपुढे येतो. ऋण म्हटले की धनकोही समोर उभा राहतो. एलीया अहाबाला भेटला, तेव्हा त्याने मळ्याचे क्षेत्रफळ विचारले नाही. नाबोथाच्या रक्ताचा जाब विचारला. म्हणून हे माप आपण जरूर वापरावे. मात्र मोजणीची साखळी टाकण्यापूर्वी त्या भूमीचा धनी कोण, हे विचारल्यावाचून राहू नये.