ओवीचा ध्वनिपाठ आणि संमिश्रणाचा प्रश्न

पासलीसारख्या तोरण्याच्या परिसरातील डोंगरी गावांत पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांनी महाराष्ट्रातील १ लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. अशी ध्वनिमुद्रणे महाजालावरील स्वयंचलित साधनांनी ‘सुधारून’ घेणे आता सुलभ झाले आहे. म्हणूनच या सुधारणेचे स्वरूप तपासणे अगत्याचे ठरते.

संमिश्रण म्हणजे कंठ व वाद्ये यांचे परस्पर प्रमाण ठरविणे. अंतिम संस्करण म्हणजे सिद्ध झालेल्या समग्र ध्वनीची पातळी व तोल निश्चित करणे. ही केवळ तांत्रिक कामे नव्हेत, हे जमैकातील रेगे संगीताने दाखवून दिले. १९७० नंतरच्या दशकात किंग्स्टन येथील किंग टबी (१९४१–१९८९) याने मुद्रित गीतातील कंठ मधूनमधून काढून घेतला, मंद्र तंतुवाद्य व ढोल पुढे आणले आणि ‘डब’ या प्रकाराला आकार दिला. तेथे गाळणे हीच निर्मिती होती. परंतु कंठ व वाद्ये स्वतंत्र पट्ट्यांवर असल्याने मूळ गीत अबाधित राहिले, आणि फेरफार करणाराही नावाने ओळखला गेला.

ओवीची स्थिती निराळी आहे. एकाच ध्वनिग्राहकापुढे कंठ व जाते यांचे ध्वनी एकजीव होतात. त्यांचे विभाजन यंत्राला अनुमानानेच करावे लागते. जात्याची घरघर यंत्राच्या लेखी गोंगाट ठरते. ती पुसताना तिच्याच कंपनपट्ट्यातील श, स, ह यांसारखे वर्णही झिजतात. पुढे सर्व आवाज एका पातळीवर आणले गेले, की श्रमाने दाटलेला श्वास आणि चरणान्तीचा विसावा यांतील भेद मावळतो. कंठ स्पष्ट होतो, पण दळणारी बाई नाहीशी होते.

श्रवणसुलभतेचे मोल अर्थातच नाकारता येत नाही. जीर्ण मुद्रणातील शब्द कळलाच नाही, तर अर्थविचारही खुंटतो. तथापि पाठचिकित्सेत संपादक पाठभेद तळटीपेत नोंदवितो. मूळ हस्तलिखित खोडीत नाही. ध्वनिपाठालाही हाच दंडक लागू व्हावा. मूळ मुद्रण अस्पर्शित ठेवावे, प्रत्येक संस्कार नोंदवावा आणि दोन्ही पाठ अभ्यासकापुढे ठेवावेत. एरवी ओवीचे संशोधन तिच्या सुबक प्रतिमेचे संशोधन होऊन बसेल.